औषधाला दाद न देणारी दगडी



वसंतात भरणाऱ्या या व्याख्यानसत्रात आपण आजवर इतिहास ऐकला असेल, अर्थशास्त्र ऐकले असेल, वेदान्तही ऐकला असेल. गाईच्या कासेवर व्याख्यान ऐकण्याची पाळी मात्र बहुतेकांवर प्रथमच येत असावी. हा विषय गोठ्यात सांगावयाचा, शहरात नव्हे, अशी शंका कोणाच्या मनात आली असल्यास ती अगदी स्वाभाविक आहे. गोठ्यात तर आम्ही पशुवैद्यक तो रोजच सांगत असतो. परंतु या रोगाशी चाललेल्या झगड्यात एक नाडी अशी आहे की ती गोठ्यात सापडत नाही. ती दुधाच्या पिशवीला किती पैसे द्यावयाचे हे ठरविणाऱ्या माणसाच्या हाती आहे, आणि तो माणूस आज समोर बसला आहे.

दगडी म्हणजे कासेचा दाह. पुस्तकात तिला कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. शेतकरी मात्र दगडीच म्हणतो आणि त्याचा शब्द अधिक नेमका आहे. कारण एरवी धार काढल्यावर रिकाम्या पिशवीसारखी लोंबणारी कास या रोगात दगडासारखी टणक होते. तिला हात लावू गेल्यास गाय लाथ झाडते. दुधात गुठळ्या येतात, कधी ते पाण्यासारखे पातळ होते, कधी त्यात रक्त उतरते. ताप चढतो, खाणे सुटते. वेळीच उतार पडला नाही तर सड कायमचा बाद होतो आणि बाजारात 'तीन सडांची गाय' म्हणून तिची किंमत उतरते. फारच वाईट झाले तर गाय दगावते.

कास बाहेरून एक दिसली तरी आत चार स्वतंत्र खोल्या असतात. एका खोलीतले दूध दुसरीत जात नाही. प्रत्येकीला एकच दार, ते म्हणजे सडाच्या टोकाचे छिद्र. या छिद्राभोवती स्नायूची एक कडी असते व आतल्या बाजूस मेणासारखा थर असतो. हे दार धार काढून झाल्यावर लगेच घट्ट मिटत नाही. अर्धा ते एक तास ते किलकिले असते. नेमक्या त्या वेळी गाय शेणामुतात बसली की जंतूंना आयतीच वाट मिळते. म्हणून धार काढून होताच गाईपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती उभी राहते, असे आम्ही सांगतो. कित्येक जुन्या घरांतील बाया हे न शिकवता करीत असत. आम्ही फक्त त्याचे कारण सांगू लागलो.

उघड दिसणारी दगडी ही या रोगाची लहान बाजू आहे. मोठी बाजू दिसत नाही. कास मऊ, दूध पांढरेशुभ्र, गाय खाऊनपिऊन सुखी. आणि तरी एका खोलीत जंतू नांदत असतात. त्यांच्याशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी दुधात उतरतात, दूध हळूहळू कमी होते, आणि मालक पेंड बदलून पाहतो. ही मुकी दगडी ओळखण्याची युक्ती कॅलिफोर्नियातील शाल्म व नूरलँडर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. चार खणांची एक थाळी घ्यावयाची, चार सडांचे थोडे थोडे दूध चार खणांत काढावयाचे, त्यात साबणासारख्या एका द्रावणाचे तितकेच माप घालून थाळी गोल फिरवावयाची. निरोगी दूध पाण्यासारखे हलते; पांढऱ्या पेशी फार असल्या तर ते शेंबडासारखे घट्ट होते. या परीक्षेला वीज लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही. अडीअडचणीला कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी वापरूनही अंदाज येतो. इतकी सोपी गोष्ट साठ वर्षांहून अधिक काळ माहीत असून आपल्याकडील बहुसंख्य गोठ्यांत ती थाळी पोचलेली नाही.

आता औषधाकडे वळू. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्याच्या पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये नोकार आणि मोलरो यांनी गाईंच्या सांसर्गिक कासदाहामागे साखळीसारखे दिसणारे गोल जंतू असतात हे दाखविले. शत्रू कळला, पण पुढची पन्नास-साठ वर्षे त्याला मारण्याचे खात्रीचे हत्यार नव्हते. ते पेनिसिलिनच्या रूपाने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आले. सडातून पेनिसिलिन सोडले की चार दिवसांत दूध स्वच्छ होते, हे ज्यांनी प्रथम पाहिले त्यांना तो चमत्कारच वाटला असला पाहिजे. आणि यातील एक मौजेची गोष्ट अशी की नोकारने दाखविलेल्या त्या साखळी-जंतूंपैकी जो मुख्य, तो आजही बहुतांशी पेनिसिलिनला शरण जातो. ज्या देशांनी नेटाने पाठलाग केला, तेथील कळपांतून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे.

सगळे जंतू इतके सरळ नसतात. द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे दुसरे जंतू आहेत. त्यांना स्टॅफिलोकॉकस म्हणतात. माणसाच्या गळवात ते असतात, नाकात असतात, धार काढणाऱ्याच्या हाताच्या भेगांत असतात आणि गाईच्या कासेत तर ठाण मांडून बसतात. पेनिसिलिन अजून सर्रास वापरातही आले नव्हते, तेव्हाच, १९४० मध्ये, एब्रहॅम आणि चेन या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी कळविले की काही जंतू पेनिसिलिनचे तुकडे करणारा एक पदार्थ स्वतःच तयार करतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच बजावले होते की अपुरे औषध दिल्याने जंतू मरत नाहीत, उलट ते त्याला सरावतात. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर यांना तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला दाद न देणारे आढळले.

दाद न देणे ही काय गोष्ट आहे ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण याविषयी शिकलेल्या लोकांतही मोठा घोटाळा असतो. 'माझ्या अंगाला औषध लागू पडेनासे झाले' असे आपण म्हणतो. वस्तुतः सवय आपल्या अंगाला होत नाही, जंतूंच्या वंशाला होते. शेतातील तण काढताना जे वरवर दिसते ते उपटले आणि ज्यांची मुळे खोल ती राहिली, तर पुढच्या वर्षी शेतात खोल मुळांचेच तण माजते. कोट्यवधी जंतूंत दोन-चार असे असतात की ज्यांच्यावर औषध चालत नाही. औषध बाकीच्यांना मारते आणि त्या दोन-चारांना सगळे रान मोकळे करून देते. जंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, तेव्हा रान भरावयास वेळ लागत नाही.

हे मोजके जंतू औषधाने जन्माला घातलेले नसतात, ते आधीपासून असतात, याचा एक सुरेख पुरावा अलीकडेच मिळाला. युरोपात साळिंदरासारखा काटेरी, पण जेमतेम ओंजळीत मावेल एवढा हेजहॉग नावाचा प्राणी आहे. त्याच्या कातडीवर एक बुरशी वाढते व ती पेनिसिलिनसारखा पदार्थ सोडते. तेथे राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकसांनी त्या पदार्थाला तोंड देण्याची विद्या माणसाने पेनिसिलिन हाती धरण्यापूर्वीच, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कमावलेली होती, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. आणि ही विद्या प्रथम नजरेस आली ती कोठे? इंग्लंडमध्ये, गाईच्या दुधात, २०११ मध्ये. त्याच जातीचे जंतू माणसांतही निघाले. डेन्मार्कमधील दोन शेतांवर तर जनावराच्या आणि माणसाच्या अंगावरील जंतूंची सबंध आनुवंशिक लिपी ताडून पाहता ते जनावरांकडून माणसाकडे आले असल्याचे ठरले. मेथिसिलिन या औषधाला दाद न देणारे जंतू त्यापूर्वीच, १९७२ मध्ये, बेल्जियमच्या गाईंच्या कासेत सापडले होते. माणसाचा दवाखाना आणि जनावराचा गोठा यांच्यामध्ये जंतूंच्या दृष्टीने भिंत नाही.

याहून विलक्षण शोध जपानचा. आमांशाचे जंतू एकदम चार-चार औषधांना कसे जुमानीत नाहीत, हे शोधताना १९५९ मध्ये तेथील शास्त्रज्ञांना कळले की औषध पचविण्याची विद्या एक जंतू दुसऱ्याला अंगाला अंग भिडवून देऊन टाकतो. आणि तो दुसरा जंतू त्याच जातीचा असावा लागतो असेही नाही. गोठ्यातल्या शेणात राहणारा निरुपद्रवी जंतू ही चिठ्ठी सांभाळून ठेवतो आणि पुढे माणसाच्या आतड्यात एखाद्या घातक जंतूच्या हाती देतो. म्हणून गाईला दिलेल्या औषधाचा हिशेब एका गाईपुरता राहत नाही.

२०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट मृत्यू पावलेल्यांची संख्या जगभरात सुमारे बारा लाख सत्तर हजार होती, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये आला. या सर्वांचे पाप गाईच्या माथी मारावयाचे नाही. सर्दीपडशाला प्रतिजैविके मागणारे रोगी व ती देणारे डॉक्टर यांचा वाटा फार मोठा आहे. परंतु दुसऱ्याचे घर अस्वच्छ आहे म्हणून आपले झाडावयाचे नाही, हा काही युक्तिवाद होत नाही. आणि २०२३-२४ मध्ये सुमारे तेवीस कोटी नव्वद लाख टन दूध काढणाऱ्या, जगात पहिल्या असलेल्या देशाला तर तो मुळीच शोभत नाही.

आता आपल्या गोठ्यात काय घडते ते सांगतो. गाय संकरित आहे, दिवसाला बारा लिटर दूध देते. सकाळी एका सडातून गुठळ्या निघाल्या. मालक गावातल्या औषधाच्या दुकानातून सडात सोडावयाची ट्यूब आणतो, किंवा शिकलेल्या-न शिकलेल्या कोणाला तरी बोलावून सुई टोचून घेतो. दुसऱ्या दिवशी दूध थोडे बरे दिसले की तिसऱ्या दिवशीची ट्यूब राहते. बरे दिसले नाही तर दुसरे औषध, मग तिसरे. आणि हे तिसरे औषध बहुधा सेफ्ट्रायॅक्झोन असते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी विषमज्वराचा रोगी रुग्णालयात ठेवावा लागला असेल, त्यांनी हे नाव चिठ्ठीवर वाचलेच असेल. तेच औषध, तीच बाटली, फक्त मात्रा मोठी. जागतिक आरोग्य संघटनेने माणसांसाठी सर्वांत जपून वापरावीत अशी जी औषधे ठरविली आहेत, त्यांत या घराण्याचा समावेश आहे.

यात दुःखाची गोष्ट अशी की पुष्कळदा ते औषध दिले नसते तरी चालले असते. शेणातून कासेत शिरणारा कोलाय नावाचा जंतू सौम्य असेल तर गाईचे शरीरच त्याचा दोन-तीन दिवसांत निकाल लावते; आम्ही जाऊन पोचतो तोवर कासेत जंतू उरलेलाही नसतो, नुसती सूज असते. उलट स्टॅफिलोकॉकस जुना झाला की तो पेशींच्या आत दडतो, भोवती तंतूंची तटबंदी उभी करतो. प्रयोगशाळेच्या बशीत जे औषध त्याला मारते ते कासेत त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पहिल्या गाईला औषध नको होते, दुसरीला त्याचा उपयोग नव्हता, आणि दोघींनाही ते सारखेच मिळाले. असा हा व्यवहार आहे.

आणि दूध? सडात औषध सोडल्यानंतर, ते एका सडात सोडले असले तरी, चारही सडांचे दूध औषध संपेपर्यंत आणि त्यापुढे वेष्टनावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत संकलन केंद्रावर घालावयाचे नाही, असा नियम आहे. कारण औषध रक्तात मिसळून इतर सडांतही उतरते. आता हिशेब करा. बारा लिटर, आठ दिवस, तीस रुपये भाव धरला तर दोन हजार आठशे ऐंशी रुपये झाले. त्यात डॉक्टर आणि औषध धरलेले नाही. ज्याच्या दारात दोनच गाई आहेत त्याने हे दूध ओतून द्यावे, असे आम्ही वेष्टनावरची ओळ वाचून सांगतो. तो मान डोलावतो. त्याच्या मनात काय चालले असेल ते सांगावयास नको. काही जण प्रामाणिकपणे दूध बाजूला काढतात, पण ओतवत नाही म्हणून वासराला पाजतात. आणि त्या थोड्या थोड्या औषधावर वासराच्या आतड्यात दाद न देणाऱ्या जंतूंची पिढी पोसली जाते. ओतून देण्याखेरीज त्या दुधाला दुसरी चांगली वाट नाही.

श्रोत्यांतील भगिनींनी कधी ना कधी अनुभव घेतला असेल की विरजण चांगले, ऊब चांगली, आणि तरी दही लागत नाही. याला पुष्कळ कारणे असू शकतात. पण त्यांतले एक हे की दुधात पेनिसिलिनचा अंश असेल तर विरजणातले जंतू मरतात. ते फार नाजूक असतात. युरोपात पेनिसिलिन गोठ्यात आल्यावर पहिली ओरड केली ती डॉक्टरांनी नव्हे, चीज करणाऱ्यांनी. दूध उकळले तरी हा अंश पुरता जात नाही. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर निघाला. शेकडा एकाहून थोडे अधिक. हा आकडा घाबरण्यासारखा नाही, पण त्यावरून निश्चिंत होणेही चुकीचे. औषधाचा अंश आणि दाद न देणारे जंतू या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अंश दुधातून येतो. जंतू दूध उकळल्यावर मरतात. आपल्याकडील दूध उकळण्याची रीत या बाबतीत फार चांगली आहे, ती सोडू नये. पण ते जंतू शेणातून, पाण्यातून, भाजीवरच्या खतातून, धार काढणाऱ्याच्या हातातून येतच राहतात. त्यांना दुधाच्या पातेल्याची गरज नाही.

यावर उपाय काय? नवे औषध, असे उत्तर पुष्कळांच्या ओठांवर असते. नवे औषध येईल तेव्हा येईल, आणि आले तरी ते गाईसाठी राखून ठेवणारा देश वेडा म्हणावा लागेल. ज्यांनी या जंतूंना खरोखर हटविले त्यांनी ते बहुतांशी औषधावाचून हटविले आहे.

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ दुग्धव्यवसायाची एक संशोधनसंस्था होती. डॉड, नीव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे १९६० च्या दशकात कळपांवर प्रयोग करून पाच गोष्टींचा नेम घालून दिला: प्रत्येक धारेनंतर सड जंतुनाशकात बुडविणे, गाय आटविताना सडात औषध सोडणे, उघड दगडीवर लगेच उपचार करून त्याची नोंद ठेवणे, पुन्हा पुन्हा दगडी होणारी गाय कळपातून काढणे आणि धारेचे यंत्र नीट ठेवणे. यातील पहिली गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. आयोडीनचे अर्धा टक्का द्रावण, त्यात सडाला भेगा पडू नयेत म्हणून थोडे ग्लिसरीन, आणि एक छोटा पेला. धार संपली की एकेक सड त्यात बुडवावयाचा. एवढ्याने नवी लागण सुमारे निम्म्यावर येते. किलकिल्या दाराला पहारेकरी बसविण्यासारखेच हे आहे.

आपल्याकडे हाताने धार काढणारे अजून पुष्कळ. त्यांतही अंगठा मुडपून सड पिळण्याची खोड फार. त्याने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने धार काढावी. बोटे दुधात बुडवून ओली करू नयेत. एकाच फडक्याने सगळ्या गाईंच्या कासा पुसू नयेत. त्या फडक्याइतका इमानी दूत जंतूंना दुसरा मिळत नाही. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढून पाहाव्यात, म्हणजे गुठळी लगेच दिसते. आजारी गाय सर्वांत शेवटी पिळावी. गोठा कोरडा असावा. अलीकडे अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर या बाजूंना मुक्त गोठे झाले आहेत, त्यांचा हा एक न बोललेला फायदा आहे. यात खर्चाचे असे काही नाही. कंटाळ्याचे मात्र आहे. दिवसातून दोनदा, वर्षातून तीनशे दिवस.

रेडिंगच्या पाच गोष्टींतली दुसरी आज बदलली आहे, आणि ती का बदलली हे पाहण्यासारखे आहे. विण्यापूर्वी दोन महिने गाय आटवितात. त्या वेळी प्रत्येक गाईच्या प्रत्येक सडात लांब टिकणारे औषध भरण्याचा प्रघात पडला. रोगी गाईला त्याचा फार उपयोग होतो. पण निरोगी गाईच्या चारही सडांत औषध भरणे म्हणजे पाऊस येण्याआधीच गाव बुडेल म्हणून होडीत बसण्यासारखे झाले. हॉलंडने २००९ नंतर यावर सरळ बंदी आणली: आधी दुधातील पेशी मोजा, रोग असेल तिलाच औषध द्या, बाकीच्यांच्या सडाला बिस्मथच्या लेपाचे नुसते बूच घाला. २०१० मध्ये त्यांनी एक स्वतंत्र संस्था नेमली. कोणत्या शेतावर किती औषध गेले आणि कोणत्या पशुवैद्याने किती लिहून दिले, याची ती तुलना करते. पशुवैद्याचाही हिशेब घेतात, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आमच्या व्यवसायबंधूंना ते आवडणार नाही. पाच-सहा वर्षांत तेथील जनावरांच्या औषधांचा खप निम्म्याहून खाली आला आणि कासेचे आरोग्य काही ढासळले नाही. २८ जानेवारी २०२२ पासून तर सबंध युरोपीय संघातच जनावरांना रोग नसताना सरसकट प्रतिजैविके देण्यास मनाई आहे. आपल्याकडेही २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अखेरचे म्हणून राखलेले औषध अन्न देणाऱ्या जनावरांसाठी बंद करण्यात आले. हे पाऊल चांगले होते.

नॉर्वेची गोष्ट आणखी वेगळी. १९७५ पासून तेथे प्रत्येक गाईच्या आजाराची नोंद एका पत्रिकेवर होते, आणि १९७८ पासून वळू निवडताना त्याच्या मुलींना दगडी किती होते हेही पाहिले जाते. आपण संकर केला तो दुधाच्या लिटरकडे पाहून. अधिक दूध, मोठी कास, सैल सड, आणि मग दगडी; ही साखळी आपण पैदाशीच्या वेळीच ओवून ठेवतो. नॉर्वेत आजही दगडीला पहिले औषध म्हणून साधे, जुने पेनिसिलिन देतात आणि ते पुष्कळदा पुरते. आमच्यासारख्याला हे ऐकून हेवा वाटतो. ऐंशी वर्षांपूर्वीचे हत्यार त्यांनी बोथट होऊ दिले नाही.

औषध द्यावयाचेच तर कोणते, हे बशीवर जंतू वाढवून ठरविता येते. दुधाचा थेंब बशीतल्या खाद्यावर पसरावा, वर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवाव्यात. जी टिकली आपल्याभोवती मोकळे वर्तुळ करील ते औषध चालेल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील एका अभ्यासात तर टिकल्यांपर्यंतही जावे लागले नाही. सौम्य दगडीत एक दिवस थांबून, कोणता जंतू वाढतो एवढेच शेतावर पाहून मग उपचार ठरविला. सडात सोडावयाचे औषध निम्म्यावर आले आणि गाई बऱ्या होण्यात फरक पडला नाही. आपल्याकडे पुण्यास औंध येथे रोग अन्वेषण विभाग आहे. पण चाळीस मैलांवरच्या शेतकऱ्याने बर्फात घालून नमुना आणावा आणि निकालासाठी थांबावे, ही अपेक्षा कागदावरच राहते. ही बशी प्रत्येक दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर असली पाहिजे. तेथे वीज आहे, शिकलेला माणूस आहे आणि दूध तर रोज येतेच.

कोरफड, हळद आणि चुना यांच्या लेपाविषयी आम्हांला हटकून विचारतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ त्याचा प्रसार करीत आहे: अडीचशे ग्रॅम कोरफड, पन्नास ग्रॅम हळद, पंधरा ग्रॅम चुना एकत्र वाटून, पातळ करून दिवसातून अनेकदा कासेला लावावयाचा. आजीबाईचा बटवा म्हणून याला हसू नये आणि आजीबाईचा म्हणून डोळे झाकून त्यावर विसंबूही नये. रोग नुकताच लागला असेल, गाय खातपीत असेल, तर हा लेप आणि वारंवार दूध काढून टाकणे यावर दोन दिवस काढावयास हरकत नाही. तेवढे औषध वाचले. परंतु गाय बसली, कान गार पडले, दूध पाण्यासारखे झाले, तर लेप वाटीत ठेवून डॉक्टरला बोलवावे.

आता ज्या नाडीचा उल्लेख आरंभी केला तिच्याकडे. आपल्याकडे दुधाचा भाव फॅट आणि डिग्रीवर ठरतो. कास निरोगी आहे की नाही, याला भाव नाही. युरोपीय संघात दुधातील पेशी मिलिलिटरला चार लाखांवर राहिल्या तर ते दूध माणसांसाठी विकता येत नाही. म्हणून तेथील शेतकरी मुक्या दगडीच्या मागे लागतो. आमचा शेतकरी लागत नाही, कारण लागून त्याला काही मिळत नाही. सड बुडविण्याचा कंटाळा त्याने करावयाचा, आठ दिवसांचे दूध त्याने ओतावयाचे, आणि त्याचा लाभ विषमज्वराने आजारी पडलेल्या शहरातील मुलाला व्हावयाचा. हा व्यवहार एका बाजूने फार काळ चालत नसतो. दूध संघांनी कमी पेशींच्या दुधाला लिटरमागे वर भाव द्यावा. औषधाखालचे दूध जो प्रामाणिकपणे सांगून ओततो त्याला त्याची निम्मी तरी भरपाई संघाच्या निधीतून मिळावी. या निधीसाठी पिशवीमागे काही पैसे चढतील. ते चढले तर ओरड करावयाची की नाही, हे शहराने ठरवावयाचे आहे. आणि संघाच्या सभेत किंवा ग्राहक पंचायतीत हा प्रश्न आपण विचारला तर त्याला आमच्या शंभर व्याख्यानांहून अधिक वजन येईल.

ती चार खणांची थाळी, द्रावणाची बाटली आणि चार निरनिराळ्या गोठ्यांतून आज संध्याकाळी आणलेले दूध या मेजावर ठेवले आहे. अध्यक्षांची अनुमती असेल तर प्रश्नोत्तरांपूर्वी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे. थाळी फिरविण्यास दहा सेकंद लागतात. मुलांना प्रथम येऊ द्यावे.